चारापट्टीतील तण आणि तणनाशकाची खरी किंमत

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम आणि दक्षिण भागांत ज्यांच्याकडे रानालगतची थोडीफार जमीन असते, असे अनेक जमीनमालक तिच्यातील अर्धा-एक एकराचा तुकडा विक्रीच्या पिकाखाली न घेता पांढऱ्या शेपटीची हरणे, रानटर्की आणि होले यांना चरण्यासाठी पेरतात. अशा तुकड्याला तेथे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘चारापट्टी’ हा शब्द योजला आहे. हरणांना वर्षभर सकस चारा मिळावा आणि शिकारीच्या हंगामात ती ठरावीक जागी यावीत, असे दोन्ही हेतू त्यामागे असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ही कल्पना जशीच्या तशी लागू पडत नाही. मेळघाट किंवा ताडोबा येथे पुनर्वसित गावांच्या मोकळ्या जमिनीवर वनखात्यामार्फत जी कुरणे राखली जातात, तेथे नको असलेले तण मजूर लावून उपटण्याची पद्धत आहे आणि तिचे गणितही वेगळे आहे. त्यामुळे पुढील विवेचन अमेरिकेतील जमीनधारकांसाठी, आणि त्यांच्यात जे मराठी वाचक असतील त्यांच्यासाठी आहे.

चारापट्टीसाठी स्वस्त तणनाशक शोधणारा माणूस बहुधा कॅनवरील किमतीपासून सुरुवात करतो, आणि तेथेच हिशेब चुकतो. तणनाशकाची खरी किंमत ठरते ती एकरी लागणाऱ्या सक्रिय घटकावर, हाताशी असलेल्या अवजारांवर आणि मुख्य म्हणजे त्या तणनाशकामुळे पुढच्या हंगामात काय पेरता येणार नाही यावर. मे महिन्यात थोडके पैसे वाचवणाऱ्या औषधाने सप्टेंबरची क्लोव्हरची पेरणी जाळली, तर ते औषध महागच पडले म्हणायचे.

उगवणपूर्व तणनाशक म्हणजे तणाचे बी रुजून वर येण्याआधी जमिनीच्या वरच्या एक-दोन इंचांच्या थरात पसरलेले असावे लागते असे औषध. ते बी मारत नाही. बी रुजल्यावर निघणारे कोवळे मूळ किंवा कोंब त्या थरातून जाताना औषध शोषून घेतो आणि तेथेच खुंटतो. यातून दोन गोष्टी निघतात. जे तण आधीच उगवून आले आहे त्यावर अशा बहुतेक औषधांचा म्हणावा तसा परिणाम होत नाही, म्हणून पेरणीपूर्वी जमीन स्वच्छ असावी लागते. आणि औषध पृष्ठभागावर नुसते पडून राहिले तर ते निकामी ठरते. त्याला थरात उतरवण्यासाठी फवारणीनंतर आठवडा-दहा दिवसांत साधारण अर्धा ते एक इंच, म्हणजे १२ ते २५ मिलिमीटर पाऊस लागतो. ग्लायफोसेटबाबतचा एक गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. ते मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटते की जमिनीतून त्याची क्रिया होत नाही. उगवलेले तण ते मारते, पण उगवणाऱ्या तणाला अडवत नाही.

अशा औषधाची गरज चारापट्टीत नेमकी का भासते, याचे कारण हरणांच्या चरण्यात आहे. शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या शेतात रोपांची पाने दीड-दोन महिन्यांत एकमेकांना भिडतात, जमिनीवर सावली धरते आणि उशिरा रुजणारे तण आपोआप दबते. अर्ध्या एकराच्या पट्टीत मात्र हरणे कोवळे शेंडे रोज खुडत असल्याने पिकाचे छत्र मिटतच नाही, आणि जुलैत उघड्या ओळींमधून माठाच्या कुळातील पामर अमरँथ व वॉटरहेम्प, चाकवत आणि गवते मुसंडी मारतात. चाकवत हे मराठी घरात भाजीचे नाव असले, तरी तेथील सोयाबीनच्या शेतात ते नाठाळ तण आहे. पट्टी जितकी लहान आणि हरणे जितकी जास्त, तितका जमिनीत टिकून राहणाऱ्या औषधाचा उपयोग अधिक.

स्वस्त म्हणून ज्यांची नावे प्रथम पुढे येतात, ती बहुतेक जुनी आणि पेटंटची मुदत संपलेली औषधे आहेत, आणि त्यांतील काही महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही चांगली ठाऊक आहेत. ट्रायफ्लुरालिन हे १९६० च्या दशकापासून वापरात असलेले औषध सोयाबीन, सूर्यफूल, चवळी अशा रुंद पानांच्या पिकांत वार्षिक गवते आणि माठ, चाकवत यांसारखी बारीक बियांची तणे रोखते. एका गॅलनमध्ये चार पौंड सक्रिय घटक असलेल्या द्रावणाची मात्रा रेताड जमिनीत एकरी एक पाइंट, मध्यम जमिनीत दीड आणि भारी जमिनीत दोन पाइंट अशी ढोबळमानाने असते. पाइंट म्हणजे सुमारे ४७३ मिलिलिटर. हे औषध उन्हात विघटित होते आणि हवेत उडूनही जाते, म्हणून फवारल्यापासून २४ तासांच्या आत ते डिस्क किंवा तत्सम अवजाराने दोन-तीन इंच खोल मिसळावे लागते, आणि मिश्रण सारखे व्हावे म्हणून दुसरी पाळी पहिलीच्या आडवी घालावी लागते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि डिस्क आहे त्याच्यासाठी ही अट वस्तुतः सोयीची आहे, कारण औषध यंत्रानेच थरात गेल्यामुळे पावसाची वाट पाहावी लागत नाही. ज्याची पट्टी डोंगरउतारावर आहे, जेथे नांगरट न करता पेरणी होते किंवा जेथे फक्त चारचाकी एटीव्ही पोहोचते, त्याने मात्र ट्रायफ्लुरालिनचा विचार सोडून द्यावा. रॅगवीड, गोखरू, मोहरीवर्गीय तणे यांसारख्यांवर त्याचा प्रभाव फारसा पडत नाही. आणि ज्वारी किंवा ओट यांना त्याचे अवशेष पुढील हंगामातही बाधू शकतात.

पेंडीमेथॅलिन हे त्याच गटातील, म्हणजे रुजणाऱ्या मुळाची पेशीविभाजनाची क्रिया रोखणारे औषध. ते ट्रायफ्लुरालिनइतके उडून जात नसल्याने पृष्ठभागावर फवारून पावसावर सोडता येते. दोन्ही औषधे पिवळ्या-नारिंगी रंगाची असून हातांवर, कपड्यांवर आणि पंपाच्या नळ्यांवर त्यांचे डाग बसले की सहसा जात नाहीत, एवढे हातमोज्यांच्या खर्चाचे समर्थन पुरेसे आहे. मक्यासाठी पेंडीमेथॅलिन वापरताना बी किमान दीड इंच खोल पडलेले आणि मातीने नीट झाकलेले असले पाहिजे, आणि पेरणीपूर्वी औषध मातीत मिसळता कामा नये, ही अट लेबलवर असते. तिच्यामागचे तत्त्व चारापट्टीवाल्याने विशेष समजून घ्यावे, कारण बहुतेक उगवणपूर्व औषधांची पिकाबाबतची सुरक्षितता काही अंशी खोलीवरच अवलंबून असते. तणाचे बारीक बी औषधाच्या थरात रुजते आणि पिकाचे मोठे बी त्या थराखाली रुजते, म्हणून एक मरते व दुसरे वाचते. पण चारापट्टीत बियाणे पाभरीने किंवा प्लँटरने न पेरता हाताने किंवा फिरत्या पसरणीने फोकून वरून साखळीची जाळी ओढण्याची पद्धत सर्रास आहे. असे फोकलेले बी औषधाच्या थरातच पडते, आणि मग लेबलवर पिकाचे नाव असूनही रोपे आखूड, गाठाळ मुळांची निघतात. दोष औषधाला दिला जातो. चूक पेरणीच्या पद्धतीत असते. फोकून पेरायचे असेल, तर उगवणपूर्व औषध विकत न घेणे हाच शहाणपणा.

मेटोलाक्लोर या औषधाच्या बाबतीत स्वस्ताईचा प्रश्न सर्वांत रंजक होतो. याचा रेणू एकमेकांच्या आरशातील प्रतिमा वाटाव्यात अशा रूपांत असतो आणि तणावर मुख्यत्वे त्यांतील ‘एस’ रूपच काम करते. जुन्या मेटोलाक्लोरमध्ये दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात, तर ‘एस-मेटोलाक्लोर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधात उपयुक्त रूपाचे प्रमाण सुमारे ८८ टक्के असते. म्हणून त्याची मात्रा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी लागते. दुकानात हे दोन कॅन शेजारी-शेजारी असतात, लेबलांवरची मात्रा बऱ्याचदा जवळपास सारखी छापलेली असते आणि ‘एस’ नसलेला कॅन स्वस्त असतो. समजा, साधे मेटोलाक्लोर गॅलनला ४५ डॉलरला आणि एस-मेटोलाक्लोर ६० डॉलरला मिळते. बरोबरीचा परिणाम साधण्यासाठी साधे औषध एकरी दोन पाइंट आणि दुसरे एक पूर्णांक एक तृतीयांश पाइंट लागले, तर एका गॅलनमध्ये आठ पाइंट या हिशेबाने पहिल्याचा एकरी खर्च सव्वाअकरा डॉलर आणि दुसऱ्याचा दहा डॉलर होतो. स्वस्त कॅन महाग पडला. दोन्ही एकाच मात्रेने मारले तर पैसे वाचल्यासारखे दिसतात, परंतु स्वस्त औषधाची पकड लवकर सुटते आणि नेमक्या जुलैतच तण वर येते. ज्वारीत मेटोलाक्लोर वापरायचे तर बियाण्यावर संरक्षक द्रव्याची, उदाहरणार्थ फ्लुक्सोफेनिमची, प्रक्रिया झालेली असणे आवश्यक आहे. चारापट्टीसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्र पिशव्यांतील ज्वारीवर ती असेलच असे गृहीत धरू नये.

अशीच तुलना पेंडीमेथॅलिनच्या दोन द्रावणांतही करावी लागते. एका द्रावणात गॅलनला ३.३ पौंड सक्रिय घटक असतो, दुसऱ्यात ३.८ पौंड, एकरी एक पौंड घटक द्यायचा असेल तर पहिले सुमारे १.१५ लिटर आणि दुसरे सुमारे एक लिटर लागते. कॅनच्या किमतीला त्यातील सक्रिय घटकाच्या पौंडांनी भागल्याशिवाय कोणतीही तुलना पुरी होत नाही.

अॅट्राझिन हे मका आणि ज्वारीतील बहुधा सर्वांत स्वस्त औषध, आणि म्हणूनच त्याचे नाव वारंवार निघते. ते प्रकाशसंश्लेषण रोखते, रुंद पानांच्या तणांवर चांगले चालते आणि पिकाला मानवते. परंतु अमेरिकेत ते ‘मर्यादित वापरा’च्या वर्गात मोडते, म्हणजे परवानाधारक फवारणीकर्त्याला किंवा त्याच्या देखरेखीखालीच ते विकत घेता व वापरता येते, ज्या तयार मिश्रणांत अॅट्राझिन असते त्यांनाही हाच नियम लागू होतो. पावसाचे पाणी वाहून ज्या ठिकाणी ओढ्यात शिरते त्या ठिकाणापासून ६६ फुटांच्या आत ते मिसळण्यास अथवा फवारण्यास मनाई आहे, आणि तलाव व जलाशयांसाठी हे अंतर २०० फूट आहे. चारापट्टी अनेकदा मुद्दाम पाणवठ्याजवळच केलेली असते हे लक्षात घेता, या अटीनेच निम्मे प्रश्न निकालात निघतात. भूजलातील अवशेषांमुळे युरोपीय संघाने हे औषध फार पूर्वीच बंद केले आहे. परवाना नसलेला माणूस कधी कधी सिमाझिनकडे वळतो. ते त्याच कुळातील असून मक्यात चालते, पण जमिनीतील त्याचा टिकाऊपणाही तसाच आहे. जमिनीचा सामू सातच्या वर असेल किंवा उन्हाळा कोरडा गेला असेल, तर या दोघांचे अवशेष जास्त काळ टिकतात आणि त्याच वर्षी शरद ऋतूत पेरलेल्या ओट, क्लोव्हर, सलगम यांची रोपे उगवून पिवळी पडतात.

या टिकून राहण्याच्या मुद्द्यावर चारापट्टीवाल्याला शेतकऱ्यापेक्षा अधिक थांबावे लागते. शेतकरी मक्यानंतर पुढच्या मे महिन्यातच सोयाबीन पेरतो. चारापट्टीत उन्हाळी पीक उभे असतानाच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यात सलगम, मुळा, राय, ओट फोकण्याची घाई असते. एखाद्या औषधानंतर कोणते पीक किती काळाने पेरता येते, याचा तक्ता प्रत्येक लेबलच्या ‘फेरपालटावरील निर्बंध’ या भागात दिलेला असतो. एस-मेटोलाक्लोरनंतर गहू, ओट, राय यांसाठी साधारण साडेचार महिने आणि क्लोव्हरसाठी नऊ महिने थांबावे लागते. १५ मे रोजी फवारले असेल तर ओटची पाळी सप्टेंबरच्या अखेरीस येते, आणि उत्तरेकडे तोवर उशीर झालेला असतो. क्लोव्हर मात्र फेब्रुवारीच्या मध्यानंतर, गोठण-वितळणीने भेगाळलेल्या जमिनीवर फोकण्याच्या नेहमीच्या वेळी, बिनधोक पेरता येते. इमाझेथापायर हे याचे टोकाचे उदाहरण आहे. सोयाबीन आणि लुसर्नमध्ये ते अल्प मात्रेत, जमिनीतून आणि पानांतून अशा दोन्ही मार्गांनी काम करते, म्हणून चारापट्टीवाल्यांचे ते आवडते. परंतु त्यानंतर मक्यासाठी साडेआठ महिने, तर कॅनोला, शुगर बीट आणि लेबलवर नाव नसलेल्या अनेक पिकांसाठी ४० महिने प्रतीक्षा सांगितलेली आहे. ज्याला दरवर्षी सलगम-मुळ्याची पट्टी हवी आहे, त्याने एकाच फवारणीने तीन वर्षांची दारे लावून घेण्याआधी दोनदा विचार करावा.

लेबलला अमेरिकेत कायद्याचे बळ आहे. १९४७ च्या संघीय कीटकनाशक कायद्याखाली लेबलशी विसंगत वापर हा गुन्हा ठरतो, आणि ‘हे पीक कोणी विकणार नाही, हरणेच खाणार’ ही सबब चालत नाही. त्या हरणाचे मांस शेवटी माणसाच्याच ताटात येते. येथे मराठी वाचकाच्या ओळखीची दोन पिके अडचणीत येतात. ‘लॅबलॅब’ म्हणून दक्षिणेत हरणांसाठी पेरले जाणारे पीक म्हणजे आपला वाल, आणि ‘सन हेम्प’ म्हणजे ताग. दोन्ही शेंगवर्गीय असल्याने सोयाबीनचे औषध त्यांनाही मानवेल असा तर्क केला जातो, पण लेबलवर त्यांचे नाव सहसा नसते, आणि नाव नाही तेथे परवानगीही नाही. मिश्र बियाण्याच्या पिशव्यांचेही तसेच. सूर्यफूल, ज्वारी, वाल आणि चवळी एकत्र पेरली, की चौघांनाही मानवणारे औषध उरत नाही. तण फार असलेल्या जमिनीत एकच पीक, किंवा एकाच औषधाच्या लेबलवर दोन्ही नावे असलेली जोडी, उदाहरणार्थ ट्रायफ्लुरालिनसाठी सोयाबीन आणि सूर्यफूल, पेरणे हा त्यावरचा उपाय आहे.

अर्ध्या एकरासाठी अडीच गॅलनचा कॅन घ्यावा का, हा प्रश्न किमतीच्या चर्चेत क्वचित विचारला जातो. ट्रायफ्लुरालिनच्या अशा कॅनमध्ये २० पाइंट असतात आणि दीड पाइंटच्या मात्रेने ते १३ एकरांना पुरतात; अर्ध्या एकराच्या मालकाने ते २६ वर्षांसाठी विकत घेतलेले असते. कॅन शेडमध्ये गोठतो, लेबल गळून पडते आणि एक दिवस त्याची विल्हेवाट लावण्याची कटकट उभी राहते. शेजाऱ्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून वाटून घेणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे. त्यापेक्षा शेजारचा शेतकरी आपल्या सोयाबीनवर फवारत असताना त्याच फेरीत आपली पट्टी फवारून घ्यावी, किंवा सहकारी संस्थेच्या परवानाधारक फवारणीकर्त्याला काम द्यावे. असे बहुधा स्वस्त पडते आणि मात्राही बिनचूक पडते.

स्वतः फवारायचे झाल्यास पंपाचे मापन अटळ आहे, कारण उगवणपूर्व औषधाची मात्रा पानांवर नव्हे, जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरते. अमेरिकी मापांत यासाठी एक सोपी युक्ती आहे. एका गॅलनमध्ये १२८ औंस असतात आणि एका एकराचा १२८ वा भाग सुमारे ३४० चौरस फूट होतो. म्हणून तेवढ्या क्षेत्रावर एका नोझलमधून जितके औंस पाणी पडते, तितकेच गॅलन एकरी पडते. नोझल एकमेकांपासून २० इंचांवर असतील तर २०४ फुटांचे अंतर आखावे, नेहमीच्या वेगाने एटीव्ही चालवून लागणारा वेळ मोजावा (ताशी चार मैलांना सुमारे ३५ सेकंद) आणि मग गाडी उभी ठेवून, त्याच दाबाने, तेवढा वेळ एका नोझलखाली मोजपात्र धरावे. १५ औंस पाणी जमले तर एकरी १५ गॅलन पडते, म्हणजे २५ गॅलनची टाकी दीड एकराहून थोडे अधिक क्षेत्र भिजवते. बाकीची नोझलही अशीच तपासावीत. एखादे नोझल झिजून जास्त टाकत असेल तर त्याच्याखाली पिकाचा पट्टा करपतो.

शेवटी, क्लोव्हर आणि चिकोरी यांच्या बारमाही पट्टीचा प्रश्न उरतो. ही दोन्ही बारीक बियांची पिके असल्याने बारीक बियांच्या तणाला मारणारे बहुतेक औषध त्यांनाही मारते. क्लोव्हरच्या पेरणीपूर्वी मातीत मिसळण्यासाठी ईपीटीसी हा पर्याय आहे, पण ते गवतवर्गीयांना मारत असल्याने सोबतीला ओट पेरता येत नाही. त्याऐवजी वसंतात जमीन तयार करून ठेवावी, उगवणारे तण उन्हाळ्यात दोन-तीन वेळा ग्लायफोसेटने मारावे, जमीन पुन्हा ढवळू नये आणि ऑगस्टअखेरीस ओटच्या आडोशाने क्लोव्हर पेरावे. सगळेच तण शत्रू नसते, हेही ध्यानात घ्यावे: टेनेसी विद्यापीठातील वन्यजीवतज्ज्ञ क्रेग हार्पर यांच्यासह अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की रॅगवीडसारखी कित्येक रुंद पानांची ‘तणे’ हरणे आवडीने खातात आणि त्यांचे पोषणमूल्यही चांगले असते. अशा पट्टीच्या मालकाने उगवणपूर्व तणनाशकाचे पैसे माती परीक्षणाला आणि चुन्याला द्यावेत. मका, ज्वारी, सोयाबीन पेरणाऱ्याने मात्र कॅन निवडण्याआधी पुढच्या दोन हंगामांत काय पेरायचे ते कागदावर लिहावे, काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात तो कागद दाखवावा आणि फवारणीनंतर औषधाचे नाव, मात्रा व तारीख त्याच कागदावर नोंदवून ठेवावी. फेरपालटाचे महिने त्या तारखेपासून मोजले जातात.